कापडाचे बळ, लेपाची राखण : पीव्हीसी ताडपत्री समजून घेताना

पीव्हीसी ताडपत्रीचा कापलेला तुकडा हातात घेऊन त्याची कड डोळ्यांजवळ नेली, तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत तीन थर दिसतात. वर आणि खाली रंगीत, गुळगुळीत प्लॅस्टिक असते आणि मधोमध पांढऱ्या सुताची टोके ठिपक्यांसारखी ओळीने बसलेली असतात. या वस्तूबद्दल समजून घेण्यासारखे जे आहे, त्यातले बरेचसे या कडेतच दिसते. ओढ, वारा आणि वजन सोसण्याचे काम मधले कापड करते; पाणी, ऊन, धूळ, घर्षण आणि बुरशी अडवण्याचे काम दोन्ही बाजूंचा लेप करतो; आणि या दोघांना एकमेकांपासून सुटू न देण्याचे काम त्यांच्यामधला चिकटपणा करतो. ताडपत्री फाटली, गळली, ताठरली किंवा तिचे पापुद्रे सुटले, तर दोष या तिघांपैकी कोणाचा हे आधी शोधावे लागते. ताडपत्री निवडताना मात्र बहुतेक जण ‘किती जीएसएमची?’, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅमची, एवढा एकच प्रश्न विचारतात, आणि त्या एका आकड्यात या तिन्ही गोष्टींचे उत्तर मावत नाही.

कापडावर काहीतरी फासून ते पाणी धरणार नाही असे करण्याची युक्ती जुनी आहे. जहाजावरचे खलाशी जाड किंतानी कापडाला डांबर लावून माल झाकत असत. ताडपत्रीच्या इंग्रजी नावातला पहिला भाग हे डांबरच आहे. डांबराचे कापड जड, वास मारणारे, उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारे असे. त्याची जागा घेणारी दोन्ही द्रव्ये विसाव्या शतकात हाती आली. पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, प्रयोगशाळेत त्याआधीच दिसले होते. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला, उन्हात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइडच्या नळीत पांढरा घन पदार्थ तयार झालेला आढळला होता. ज्या उन्हाने या पदार्थाला जन्म दिला तेच ऊन पुढे त्याचा सर्वांत मोठा शत्रू ठरले, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो पदार्थ मात्र कडक आणि ठिसूळ होता, त्यामुळे त्याचा उपयोग कोणाला सुचेना. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत असताना त्यांनी पीव्हीसी उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रवात तापवले, आणि थंड झाल्यावर हाती आला तो लवचीक, रबरासारखा पदार्थ. त्याचा लेप कापडाला देता येईल, हे सेमन यांच्या लवकरच लक्षात आले. दुसरे द्रव्य म्हणजे पॉलिएस्टर. जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या ब्रिटिश संशोधकांनी १९४१ मध्ये त्याच्या धाग्याचे पेटंट घेतले. न कुजणारा, पाणी न पिणारा आणि ताणाखाली फारसा न लांबणारा धागा मिळाला आणि आजच्या ताडपत्रीची सामग्री पूर्ण झाली.

लेपात नेमके काय असते

लेपाला ‘पीव्हीसी’ म्हणत असलो, तरी त्यात निव्वळ पीव्हीसी नसते. शुद्ध पीव्हीसी म्हणजे ज्याचे पाण्याचे पाइप आणि खिडक्यांच्या चौकटी बनतात तो कडक पदार्थ. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंत ते जागचे हलत नाहीत. या रेणूंच्या मधे प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव शिरवला, की ते एकमेकांवरून सरकू लागतात आणि पदार्थ नेहमीच्या तापमानालाच मऊ राहतो. ताडपत्रीच्या लेपात वजनाने साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक असा हा द्रव असतो. तो पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, आणि ताडपत्रीच्या म्हातारपणाचे निम्मे कारण इथेच आहे. वर्षानुवर्षे तो हळूहळू पृष्ठभागाकडे येतो, उन्हात उडतो, तेलात किंवा द्रावकात विरघळतो, शेजारी लागलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्येही शिरतो. तो जितका कमी होत जाईल, तितकी ताडपत्री कडक होत जाते आणि शेवटी घडीवर तडकते.

याखेरीज लेपात उष्णतेपासून आणि उन्हापासून राखण करणारे स्टॅबिलायझर, रंगद्रव्ये, बुरशीनाशक, ज्वालारोधक आणि भरण म्हणून चुनखडीची बारीक भुकटी असते. भुकटी थोड्या प्रमाणात असणे गैर नाही. मात्र ती स्वस्त आणि जड असते, त्यामुळे लेपाचे वजन वाढवायचे आणि खर्च वाचवायचा असेल तर तिचे प्रमाण वाढवण्याचा मोह होतो. अशी ताडपत्री तराजूवर भारी भरते, पण दुमडली की घडीवर पांढरी रेघ उमटते आणि गारठ्यात तीच रेघ चिरते. खरेदीपूर्वी तुकडा घट्ट दुमडून, दाबून, पुन्हा उलगडून पाहण्याची जाणकारांची सवय यासाठीच असते.

कापडावर हा लेप दोन मुख्य पद्धतींनी चढतो. पहिल्या पद्धतीत पीव्हीसीची अतिशय बारीक भुकटी प्लॅस्टिसायझरमध्ये कालवून दाट रंगासारखी पेस्ट करतात, ती सरकत्या कापडावर ओततात आणि एका लांब पात्याने सारखी पसरवतात. पाते आणि कापड यांच्यातले अंतर लेपाची जाडी ठरवते. नंतर हे कापड साधारण १६० ते १९० अंश तापमानाच्या भट्टीतून जाते, तिथे भुकटीचे कण द्रव शोषून फुगतात आणि एकजीव होतात. पेस्ट धाग्यांच्या फटींत उतरते, आणि पहिल्या थरात कापडाला धरून ठेवणारे रसायन मिसळलेले असते, त्यामुळे पकड घट्ट बसते. दुसऱ्या पद्धतीत पीव्हीसीची तयार फिल्म गरम रुळांखाली कापडाच्या दोन्ही बाजूंना दाबून चिकटवतात. इथे कापड मुद्दाम विरळ विणलेले असते, म्हणजे वरची आणि खालची फिल्म धाग्यांमधल्या मोकळ्या चौकोनांतून एकमेकींना भिडते. ही पद्धत स्वस्त आणि वेगवान आहे आणि जाहिरातींच्या फलकांसाठी पुरेशी आहे. पण सतत हेलकावे खाणाऱ्या, वाऱ्यात फडफडणाऱ्या कामाला लेप दिलेली ताडपत्री अधिक टिकते, असे माझे मत आहे. कारण फिल्म लावलेल्या मालात थर सुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशा फडफडीतूनच होते.

सर्वांत वर, केसाइतकाही जाड नसलेला लॅकरचा एक थर देतात. तो ॲक्रिलिकचा किंवा अधिक टिकाऊ मालात पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा असतो. प्लॅस्टिसायझर पृष्ठभागावर आला की त्याला धूळ चिकटते आणि ताडपत्री कायमची मळकट दिसू लागते. लॅकर त्याची वाट अडवतो, शिवाय उन्हाचा पहिला मारा स्वतःवर घेतो.

आकडे वाचताना

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचे ग्रॅममधले वजन. जाहिरातीचे फलक बहुधा ४४० ते ५१० जीएसएमच्या आसपास असतात, ट्रकचे आच्छादन आणि तंबू ६५० ते ९०० च्या घरात, तर हवा भरून फुगवायच्या बोटींचे कापड त्याहूनही जड असते. हा आकडा कापड आणि लेप यांचे मिळून वजन सांगतो. त्यात कोणाचा वाटा किती, हे सांगत नाही.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जे वजन भरेल तितके त्याचे डेनियर, म्हणून १,००० डेनियरचा ९ किलोमीटर धागा बरोबर १ किलो भरतो. आता ६५० जीएसएमच्या दोन ताडपत्र्या शेजारी ठेवू. पहिलीत १,००० डेनियरचे धागे उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना इंचाला २० आहेत. दुसरीत धागा तोच आहे, पण इंचाला ९ च आहेत. पहिलीच्या एका चौरस मीटरमध्ये सुमारे १,५७५ मीटर धागा बसतो, त्याचे वजन पावणेदोनशे ग्रॅम. दुसरीत सुमारे ७१० मीटर, वजन ८० ग्रॅमच्या आत. बाकीचे सगळे वजन लेपाचे. म्हणजे तराजू दोघींना सारखेच म्हणतो, पण दुसरीत कापड निम्म्याहून कमी आहे.

ताकदीचा हिशोबही याच धाग्यांवरून मांडता येतो. या जाडीचा उच्च ताकदीचा पॉलिएस्टर धागा तुटण्यापूर्वी साधारण साडेसात-आठ किलो भार सोसतो. प्रयोगशाळेत ताडपत्रीची ५ सेंटीमीटर रुंद पट्टी ओढून पाहतात. पहिल्या ताडपत्रीच्या अशा पट्टीत ३९ धागे येतात, म्हणजे ती सुमारे ३०० किलोला तुटेल, आणि चांगल्या मालाच्या माहितीपत्रकात ५ सेंटीमीटरला ३,००० न्यूटनच्या आसपासचा जो आकडा छापलेला असतो तो हाच. दुसरीच्या पट्टीत १८ धागे येतात आणि तिचे बळ १४० किलोच्या आसपास थांबते. लेपाने ताकदीत भर अगदी थोडी पडते.

तुटण्याच्या बळाइतकाच महत्त्वाचा, पण कमी विचारला जाणारा आकडा म्हणजे फाटण्याचे बळ. पट्टी अखंड ओढताना सगळे धागे एकत्र लढतात. एकदा चीर पडली की चिरेच्या टोकावरचे दोन-तीन धागेच भार घेतात आणि ते एकामागून एक तुटत जातात. म्हणून फाटण्याचे बळ तुटण्याच्या बळाच्या दहाव्या हिश्श्याइतके असले तरी नवल नसते. गाठीच्या टोकाने किंवा खिळ्याने पडलेले बोटभर भोक एका वादळात हातभर का होते, याचे उत्तर या दहाव्या हिश्श्यात आहे. तिसरा आकडा लेपाच्या पकडीचा असतो, तो लेप सोलून काढायला किती जोर लागतो ते सांगतो. पुढे ताडपत्रीला जोड द्यायचा असेल, तर हा आकडा कमी असून चालत नाही, कारण जोड हा लेपालेपांमधला असतो आणि लेपच कापडावरून सुटला तर जोडाला अर्थ उरत नाही.

पाणी कुठून शिरते

पीव्हीसीचा अखंड लेप पाणी आत येऊ देत नाही, इतके निश्चित. ताडपत्री गळते ती सुईच्या छिद्रांतून, आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात बसवलेल्या कड्याच्या, कडेने, घडीवरच्या चिरांतून किंवा जोडातून. एक वाट मात्र नजरेआड राहते, ती कापलेल्या कडेची. धाग्यात शेकडो बारीक तंतू असतात आणि त्यांच्या मधल्या फटी केसासारख्या नळ्यांचे काम करतात. उघड्या कडेला पाणी लागले, की केशाकर्षणाने ते धाग्यातून आत चढू लागते आणि दोन्ही बाजूंनी लेप शाबूत असताना ताडपत्री आतून ओली होते. त्या ओलाव्यात बुरशी वाढते, आणि पांढऱ्या तंबूच्या कडेपासून आत शिरलेल्या काळसर रेघा दिसू लागतात. त्या लेपाच्या खाली असल्यामुळे कितीही घासले तरी जात नाहीत. यावर उपाय म्हणून धाग्यांना आधीच पाणी न चढू देणारी प्रक्रिया करतात, आणि कारागीर कड दुमडून वितळवून बंद करतात. तपासायचे असेल तर ताडपत्रीची बोटभर रुंद पट्टी कापून तिचे एक टोक शाई घातलेल्या पाण्यात रात्रभर उभे ठेवावे. सकाळी शाई किती वर चढली आहे, ते कडेवर स्पष्ट दिसते.

पाणी बाहेरून येत नाही, तसे आतून बाहेरही जात नाही. सुती किंतान ओले झाले की त्याचे धागे फुगून फटी मिटतात आणि कोरडे झाले की ते पुन्हा हवा सोडते. पीव्हीसीला असा श्वास नाही. तिच्याखाली झाकलेल्या धान्यातला, लाकडातला किंवा ओल्या जमिनीतला ओलावा वाफ होऊन वर येतो, रात्री ताडपत्री गार झाली की तिच्या आतल्या बाजूला दंव धरते आणि थेंब खाली ठिबकतात. मालकाला वाटते ताडपत्री गळली. खरे तर तिने आपले काम जरा जास्तच चोख केलेले असते. ताडपत्री मालाला थेट न चिकटवता मधे थोडी पोकळी ठेवणे आणि दोन विरुद्ध बाजूंना हवा खेळती ठेवणे, हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

ऊन, गारठा आणि आग

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पीव्हीसीच्या रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरिन एकेक करून सोडवतात आणि त्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. हे आम्ल शेजारच्या कड्या आणखी वेगाने सोडवते, म्हणजे एकदा सुरू झालेली पडझड स्वतःच स्वतःला रेटत नेते. आधी रंग पिवळट होतो, मग पृष्ठभाग कोरडा आणि खडूसारखा होतो, मग चिरा पडतात, आणि चिरांतून ऊन पॉलिएस्टरपर्यंत पोचले की कापडही कमजोर होऊ लागते. स्टॅबिलायझर तयार होणारे आम्ल टिपून घेतात, टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी रंगद्रव्ये किरण अडवतात, काजळी ते शोषून घेते. त्यामुळे उन्हातल्या ताडपत्रीचे आयुष्य जाडीपेक्षा या मिश्रणावर अधिक ठरते, आणि हे मिश्रण डोळ्यांना दिसत नाही, ही खरेदीदाराची खरी अडचण आहे.

बहुतेक ताडपत्र्या उणे ३० ते अधिक ७० अंश सेल्सियसपर्यंत वापरता येतात, असे उत्पादक सांगतात. वरची मर्यादा वाटते तितकी दूर नाही, कारण कडक उन्हात गडद रंगाच्या ताडपत्रीचा पृष्ठभाग तिच्या जवळपास तापू शकतो आणि तेव्हा ताणलेले जोड सरकण्याची भीती असते. खालच्या मर्यादेजवळ ताडपत्री पसरलेली असेल तर सहसा काही होत नाही, पण गारठलेली घडी झटक्याने उलगडली तर ती तडकते.

आगीच्या बाबतीत पीव्हीसीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरिनचा असतो आणि क्लोरिन ज्वाळेला मारक आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. कडक पीव्हीसी सतत जळत राहायला त्याच्या दुपटीइतका ऑक्सिजन लागतो. मऊ पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर जळाऊ असल्याने हा फायदा बराच कमी होतो, म्हणून अँटिमनी ट्रायऑक्साइडसारखे ज्वालारोधक मिसळावे लागते. अशा ताडपत्रीला ज्योत लावली तर ती वितळून, आक्रसून बाजूला होते आणि ज्योत काढताच विझते. जर्मनीच्या डीआयएन ४१०२ या मानकातील बी१ हा वर्ग किंवा अमेरिकेची एनएफपीए ७०१ चाचणी हेच तपासते. तरीही तिला ज्वालारोधक म्हणावे, अग्निसुरक्षित म्हणू नये. मोठ्या आगीत ती जळते आणि तिच्या धुरात घसा व डोळे होरपळवणारा हायड्रोजन क्लोराइड वायू असतो. याच कारणाने टाकाऊ ताडपत्री उघड्यावर जाळणे घातक आहे.

जोड देण्याची कला

पीव्हीसी ताडपत्रीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे ती शिवण न घालता वितळवून जोडता येते. गरम हवेच्या यंत्रात दोन पट्ट्यांच्या मधे काही शे अंश तापलेली हवा सोडतात आणि मागून येणारा रूळ त्या दाबून एक करतो. दुसरी पद्धत उच्च वारंवारतेच्या विद्युत्क्षेत्राची. क्लोरिनमुळे पीव्हीसीच्या रेणूत एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन भार सरकलेला असतो. दोन धातूपट्ट्यांमध्ये २७.१२ मेगाहर्ट्झचे क्षेत्र लावले, की ते सेकंदाला सुमारे ५ कोटी ४२ लाख वेळा दिशा बदलते, रेणूंचे हे भाग त्याच्यामागे वळू पाहतात आणि त्या धडपडीतून लेप आतून तापून वितळतो. पॉलिएस्टर त्या मानाने कमी तापते आणि त्याचा वितळणबिंदू २५० अंशांच्या वर असल्याने भार घेणारे सूत शाबूत राहते. काही सेकंदांत दाबाखाली थंड झालेला हा जोड बरोबर जमला असेल, तर ओढल्यावर जोड न सुटता शेजारचे कापड तुटते. पॉलिथिनच्या रेणूत असे भार नसल्याने त्याला ही पद्धत लागू पडत नाही. पीव्हीडीएफचा काही प्रकारचा लॅकरही नीट वितळत नाही, म्हणून जोडाच्या जागी तो आधी खरवडून काढावा लागतो. हे विसरलेला जोड पहिल्या दिवशी छान दिसतो आणि पहिल्या वादळात सुटतो.

कुठे कोणती

ट्रकच्या बाजूला सरकणारे पडदे आणि वरचे आच्छादन हे या ताडपत्रीचे सर्वांत कष्टाचे काम आहे, कारण तिथे वाऱ्याचा सतत मारा, पट्ट्यांचा ताण आणि रोजची उघडझाप एकदम येते. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत तिच्यावर आणखी एक जबाबदारी असते. १९७५ च्या टीआयआर करारानुसार मोहोरबंद ट्रक वाटेत सीमाशुल्काच्या तपासणीसाठी सहसा उघडावा लागत नाही, पण त्यासाठी आच्छादन पुरेसे मजबूत आणि न ताणणारे असावे लागते, आणि प्लॅस्टिकच्या लेपाच्या कापडाचे तुकडे वितळवून जोडताना जोडावर उठावदार नक्षी असलेली पट्टी वितळवून बसवावी लागते. कोणी जोड उसवून पुन्हा चिकटवला, तर नक्षी मोडलेली दिसते.

ताणलेल्या कापडाच्या छतांत हीच ताडपत्री वास्तुरचनेचा भाग होते. तिथे ती सपाट कधीच ठेवत नाहीत, कारण सपाट कापड वाऱ्यात फडफडते आणि पावसात झोळ धरते. एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेला, घोड्याच्या खोगिरासारखा आकार देऊन ते दोन्हीकडून ताणले, की वारा वरून दाबो की खालून उचलो, एका दिशेचे धागे नेहमी ताणात असतात. अशा छताचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षे धरतात. टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड त्याहून बरेच टिकते, पण ते महाग असते आणि घडी घातल्यास त्याचे तंतू मोडतात, म्हणून पुन्हा पुन्हा उभारायच्या मंडपाला पीव्हीसीच बरी. लंडनच्या मिलेनियम डोमसाठी आधी पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टर ठरले होते. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या विरोधानंतर तो बेत बदलून टेफ्लॉनचे काचकापड वापरण्यात आले.

धान्याच्या थप्प्यांना कीड मारण्यासाठी फॉस्फीनची धुरी देताना वायू कोंडून ठेवणारे आवरण लागते, आणि तिथे पीव्हीसीचा ‘श्वास न घेणे’ हा दोष गुण ठरतो. कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी जमिनीवर दाबून धरतात. पाण्याच्या उशीसारख्या टाक्या, बायोगॅसचे फुगे, मुलांचे उड्या मारायचे फुगीर महाल, व्यायामाच्या गाद्यांची आवरणे, पोहण्याच्या तलावाची झाकणे, सगळीकडे हेच कापड वेगवेगळ्या मिश्रणाने भेटते. पिण्याचे पाणी साठवायचे असेल तर मात्र त्यासाठी खास प्रमाणित केलेलेच घ्यावे, कारण साध्या ताडपत्रीतील प्लॅस्टिसायझर आणि बुरशीनाशक पाण्यात उतरू शकतात.

प्रत्येक ठिकाणी पीव्हीसीच हवी असे मुळीच नाही. आपत्तीत वाटायच्या ताडपत्र्या विणलेल्या पॉलिथिनच्या असतात, आणि कारण सरळ आहे. रेड क्रॉससारख्या संस्था वापरतात ती ४ × ६ मीटरची पॉलिथिन ताडपत्री पाच किलोच्या आसपास भरते. तेवढीच ६५० जीएसएमची पीव्हीसी ताडपत्री साडेपंधरा किलोंची होईल. विमानाने हजारो नग पाठवताना आणि एका माणसाला खांद्यावरून नेताना हा फरक फार मोठा असतो. काही महिन्यांच्या, एका जागी बांधून ठेवायच्या कामाला पॉलिथिन पुरते. वर्षानुवर्षे काढघाल करायची असेल तर पीव्हीसीचा खर्च वसूल होतो. दोन्हींत गल्लत होत असेल, तर छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढावेत आणि तो पाण्यात सोडावा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, पीव्हीसी तळाला जाते.

बांधणी आणि निगा

ताडपत्रीला मारणाऱ्या दोन गोष्टींचा हिशोब एकदा करून ठेवावा. झोळात साठलेले अवघे १० सेंटीमीटर पाणी दर चौरस मीटरला १०० किलो भार टाकते, भाराने झोळ वाढतो आणि वाढलेल्या झोळात आणखी पाणी येते. उतार देणे म्हणूनच जाड ताडपत्री घेण्यापेक्षा मोलाचे आहे. दुसरा वारा. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब देतो. ४ × ६ मीटरच्या ताडपत्रीवर हा भार ११०० किलोंच्या पुढे जातो आणि तो सगळा कडेच्या आयलेटांवर वाटला जातो. आयलेट मोजके असले तर कापड धडधाकट राहूनही कडा उचकटतात. दुमडलेल्या कडेत दोर किंवा पट्टी भरून त्यातून आयलेट काढणे, दोरी थेट न बांधता रबरी पट्ट्याने थोडी सूट देणे आणि लोखंडाच्या टोकदार कोपऱ्यांवर जुन्या ताडपत्रीची घडी ठेवणे, यांनी बरीच वर्षे वाचतात.

धुताना सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोनने डाग झटकन जातो खरा, पण त्याबरोबर लॅकर आणि प्लॅस्टिसायझरही जातात आणि त्या जागी ताडपत्री लवकर तडकते. ओली घडी कधी घालू नये, आणि घडी दर वेळी त्याच रेघेवर येणार नाही असे पाहावे. भोक पडले तर त्याच जातीच्या पीव्हीसीचे ठिगळ, कोपरे गोल कापून, गरम हवेने किंवा पीव्हीसीच्या डिंकाने लावावे. चौकोनी ठिगळ नेहमी कोपऱ्यापासून सुटायला लागते.

आरोग्याच्या अंगाने या वस्तूवर झालेली टीका निराधार नाही. पूर्वी सर्रास वापरला जाणारा डीईएचपी हा थॅलेट वर्गातील प्लॅस्टिसायझर प्रजननक्षमतेला घातक ठरवला गेला आणि युरोपीय संघात २०१५ पासून परवानगीशिवाय त्याचा वापर बंद झाला. शिसेयुक्त स्टॅबिलायझरही तिथे मागे पडले आणि त्यांची जागा कॅल्शियम-झिंकसारख्या मिश्रणांनी घेतली. पुनर्वापर मात्र अजून अवघड आहे, कारण ज्या घट्ट पकडीसाठी कारखान्यात इतकी खटपट केली, तीच आता कापड आणि लेप वेगळे होऊ देत नाही. इटलीतील फेरारा इथे २००२ मध्ये सुरू झालेल्या व्हिनिलूप प्रकल्पात द्रावकाने पीव्हीसी विरघळवून धागे वेगळे काढत असत, पण जुन्या मालात मुरलेले थॅलेट त्यातून वेगळे करणे परवडेना आणि २०१८ मध्ये तो बंद पडला. वापरातली ताडपत्री सहसा कडा, आयलेट आणि घड्या इथे संपते, मधला भाग बराच काळ धड असतो. झ्युरिकमधल्या मार्कुस आणि डॅनियल फ्रायटाग या भावांनी १९९३ मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या अशाच धड भागापासून खांद्यावर अडकवायची पिशवी शिवली, तिला गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा लावला आणि कडेला सायकलची जुनी ट्यूब बसवली.